स्वादुपिंड काढल्यावर साखर कोण सांभाळतं?

मंडळी, आम्ही सुरुवात १८८९ पासून करतो. स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. पाहायचं होतं चरबीचं पचन, कुत्र्याला झाला मधुमेह. (आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कार्यकारणाचा हा धडा फार आवडतो.) १९२१-२२ ला टोरांटोत इन्सुलिन हाती आलं आणि प्रश्न सुटला असं वाटलं.

सुटला नव्हता. कर्करोगासाठी अख्खं स्वादुपिंड काढलं, की इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकागॉनही जातं. मग साखर चढते, तशी झपकन पडतेही. जपानात कोचीच्या सर्जनांनी २००९ च्या सुमारास अशा रुग्णांना यंत्र जोडलं. ते शिरेतून सतत रक्त घेऊन साखर मोजतं, त्या हिशेबानं इन्सुलिन सोडतं, लागलं तर ग्लुकोजही.

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून निघाला १९९९ ला. सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०२४ ला. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला माणूस मोठं शहरच गाठतो. ते यंत्र दवाखान्यातच राहतं, माणूस औंढ्याला, सेनगावला परततो. रात्री दोनला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, तर जवळ असतं घरचं माणूस. शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी, शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना, एवढं त्याला सुट्टी देताना कुणी सांगितलेलं असतं का?