समजून घ्या : सोयाबीनचा भाव करारामुळे पडतो की दिल्लीतल्या निर्णयामुळे?

सोयाबीन मोंढ्यात न्यायच्या तोंडावर मोबाईलवर बातमी येते, 'खाद्यतेलाच्या आयात शुल्कात बदल'. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, आता भाव चढणार, माल थांबवा. दुसरा म्हणतो, परदेशाशी केलेल्या करारांनी शेतकरी मारला, आता काही होत नाही. दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण करारात काय ठरलेलं असतं आणि सरकार आपल्या मर्जीने काय ठरवतं, हे वेगळं केल्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही.

करार म्हणजे कमाल मर्यादा

मुक्त व्यापार करार म्हणजे देशांनी एकमेकांना दिलेला लेखी शब्द. तुमच्या अमुक मालावर आम्ही इतक्यापेक्षा जास्त शुल्क लावणार नाही, असा तो शब्द असतो. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. तिथे भारताने बहुतेक खाद्यतेलांसाठी, पामतेल धरून, ३०० टक्क्यांची मर्यादा ठेवली. सोयातेलाची मर्यादा मात्र फक्त ४५ टक्के आहे. म्हणजे मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पिकाशी थेट टक्कर देणाऱ्या तेलावरच सरकारचा हात सर्वात आखूड.

पण मर्यादा ३०० ची आहे म्हणून तेवढं शुल्क लावलंच जातं असं नाही. १९८६ मध्ये तेलबिया अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आलं. ३०० पर्यंत जायची मुभा असताना १५! ही घसरण कोणत्या कराराने लादली नव्हती. तेल महागलं की शहरात ओरड होते, म्हणून सरकारने स्वतः घेतलेले हे निर्णय. आज देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त.

कराराने खरोखर हात बांधले ते पुढे. इंडोनेशिया, मलेशिया वगैरे देशांच्या आसियान गटाशी भारताचा मालव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यानुसार २०१९ च्या अखेरीपर्यंत कच्च्या पामतेलावरचं शुल्क ३७.५ आणि रिफाइंडवरचं ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचं होतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने कच्च्या पामतेलावर ४४ टक्के शुल्क लावलं होतं. आता त्या देशांच्या तेलावर तेवढं लावता येत नाही.

तरीही ३७.५ पर्यंतची जागा शिल्लक होतीच. ती वापरली का? २०२१ मध्ये तेल भडकल्यावर कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क शून्य झालं. उपकर आणि अधिभार धरून ५.५ टक्के उरले. १४ सप्टेंबर २०२४ पासून ते २७.५ टक्के झालं. ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, पुन्हा १६.५ वर आणलं. हे सगळे चढउतार दिल्लीतल्या अधिसूचनेचे आहेत, कराराचे नाहीत.

नेपाळची वाट

सार्क देशांच्या साफ्टा करारात आणि भारत-नेपाळ व्यापार करारात नेपाळच्या मालाला भारतात शुल्क माफ आहे. हेतू चांगला होता, गरीब शेजाऱ्याला बाजार मिळावा. पण नेपाळमध्ये सोयाबीनचं पीक अगदी थोडं, पामची लागवड तर नाहीच. तरी तिथून रिफाइंड तेलाचे टँकर येतात. तिथले कारखाने परदेशातून कच्चं तेल आणतात, शुद्ध करतात आणि भारतात पाठवतात. भारताने थेट आयातीवर शुल्क जितकं वाढवावं, तितका या वाटेने फायदा जास्त. सप्टेंबर २०२४ नंतर रिफाइंड तेलावर थेट आयातीत ३५.७५ टक्के आणि नेपाळमार्गे शून्य, असा फरक पडला आणि ही आवक वाढली.

यावर करारात तोड आहे. माल त्या देशाचाच आहे हे सिद्ध करावं लागतं, म्हणजे किमान ३० टक्के मूल्य तिथे वाढलेलं असावं लागतं. नुसतं कच्चं तेल गाळून ३० टक्के मूल्य कसं वाढतं, हा प्रश्न तेल गिरणीवाले कायम विचारतात. २०२० पासून कस्टमला अशा मालाची कागदपत्रं तपासायचे जादा अधिकार आहेत. टँकर येतच आहेत.

शुल्क वाढूनही भाव का नाही वाढला?

२०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता. शुल्क पाच पटीने वाढलं, तरी मोंढ्यात भाव हमीभावाखालीच राहिला. केंद्रावर ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के करावी लागली.

याचं उत्तर गिरणीत मिळतं. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. समजा शुल्कामुळे तेल किलोमागे १० रुपयांनी चढलं, तर गिरणीला क्विंटलमागे १८० रुपये जास्त मिळाले. त्याच वेळी पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली, तर ४०० रुपये गेले. म्हणजे शुल्क वाढूनही भाव खाली. पेंडीला तेव्हा दुहेरी मार होता. परदेशात ती स्वस्त होती, आणि इथे इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात पेंडीच्या जागी जात होता. त्यामुळे सोयाबीन थांबवायचं की विकायचं हे ठरवताना फक्त तेलाची बातमी बघून चालत नाही. पेंडीचा, म्हणजे डीओसीचा, भाव आधी बघावा लागतो.

ऑगस्ट २०२१ आठवून पाहा. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली आणि नवं पीक यायच्या आतच भाव कोसळू लागला. त्यामागेही कोणता करार नव्हता.

कापसातही तेच

ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात शुल्कमुक्त कापूस आहे, पण वर्षाला ५१ हजार टन, म्हणजे तीन लाख गाठी, आणि तोही लांब धाग्याचा. यावर चर्चा खूप झाली. मग १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच काढलं. त्याला ना देशाची अट होती, ना गाठींची मर्यादा. आधी मुदत ३० सप्टेंबर होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, आणि वेचणीचा कापूस घरात येण्याचे महिनेही नेमके तेच होते.