जावळीच्या रानातले युद्धाचे अर्थकारण

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. इथून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणारा रस्ता वेण्णा नदीची सोबत करत वर चढतो. तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते मूळ जावळी मात्र डोंगरापलीकडे, प्रतापगडाच्या पायथ्याशी, आजच्या महाबळेश्वर तालुक्यात आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सारा मुलूख मोऱ्यांचा होता. ‘चंद्रराव’ हा त्यांचा विजापूर दरबारकडून मिळालेला, पिढीजात चालत आलेला किताब. देशावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा त्यांच्या हाती होत्या, त्यामुळे वाई-महाडची वाहतूक कोणाच्या कृपेने चालायची हे सांगायला नको.

1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्याच वर्षी रायरीही हाती आली. हीच रायरी पुढे रायगड झाली. मोऱ्यांचा पाडाव, त्यातले कपट की पराक्रम, यावर आपल्याकडे शंभर वर्षे वाद रंगला आहे. त्या वादात एक गोष्ट झाकली जाते. जावळी पडल्यावर तिथे काय केले गेले, हे लढाईपेक्षा मोठे आहे.

मोऱ्यांची फौज वतनावर पोसलेली होती. शिपाई चंद्ररावाचा, जमीन चंद्ररावाची, निष्ठाही त्याच्याच घराण्याशी. दरबाराला लढाईसाठी माणसे हवी असली की वतनदाराची मनधरणी करावी लागे. महाराजांनी हा व्यवहारच मोडायला घेतला. 1697 मध्ये कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली. तिच्यात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे: गावे तोडून द्यायची नाहीत, पगार रोख द्यायचा किंवा खजिन्यावर वरात, म्हणजे पैसे देण्याचा हुकूम, द्यायची. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला. देशमुखांनी वाड्यांना बुरूज बांधून बसायचे नाही. सत्ता एका हाती होती यात शंका नाही, पण ती हिशेबाने बांधलेली होती.

फौजेचे वर्षही ठरलेले होते. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला मुलूखगिरीवर निघायचे आणि वैशाखात परतायचे. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची. परतल्यावर झडती होऊन जास्तीचे आढळले तर ते सरकारजमा व्हायचे किंवा पगारातून वळते व्हायचे. आठ महिने फौज शत्रूच्या मुलखात जगायची आणि स्वराज्यातल्या कोठाराला हात लागायचा नाही. या योजनेची किंमत कोणीतरी मोजतच होते, हे विसरता येत नाही. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात ती सुरतेच्या पेढ्यांनी मोजली, एरवी मोगली आणि आदिलशाही मुलखातल्या खेड्यांनी.

घरच्या रयतेवर मात्र बोजा पडू नये, याची महाराजांना किती काळजी होती हे त्यांच्या पत्रांतून दिसते. राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र वाचताना आजही अंगावर काटा येतो. पावसाळाभर पुरेल असा दाणा-वैरणीचा साठा करून ठेवला आहे, तो आत्ताच बेहिशेब उडवलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याचे दाणे, भाजी, लाकूडफाटा ओरबाडाल आणि रयतेला वाटेल की याहून मोगल परवडले. त्याच पत्रात रात्री दिवे जळत ठेवू नका अशीही ताकीद आहे. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा बुडेल. गवताच्या गंजीपर्यंत लक्ष पुरवणारा राज्यकर्ता युद्ध कशावर चालते हे पुरते ओळखून होता.

5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गेलेले पत्र त्याच धर्तीचे आहे. गावोगाव फिर, ज्याच्याजवळ बैल नाही त्याला बैल दे, बियाणे-पोटगी नाही त्याला तीही दे आणि वसुली त्याच्या ऐपतीप्रमाणे, सावकाश कर. सरकारात जमा झालेला माल सडू द्यायचा नाही आणि बाजारात भाव असेल तेव्हाच विकायचा. 1671 मध्ये कुडाळच्या सुभेदाराला बारदेशच्या मिठावर जकात वाढवायला सांगितले गेले. हेतू एवढाच, की पोर्तुगीज मुलखातले स्वस्त मीठ येऊन स्वराज्यातल्या मिठागरांचा धंदा बसू नये.

पेरणी, मीठ, सरकारात जमा झालेला माल हे सगळे युद्धाचेच सामान होते, कारण पगार त्यातूनच निघायचा.

या तयारीचा कस जावळीतच लागला. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखान त्याच्या पायथ्याशी मारला गेला. खानाच्या छावणीतले हत्ती, घोडे, तोफा, रोकड हाती आली. त्याहून बोलकी तारीख पुढची आहे. 28 नोव्हेंबरला पन्हाळगड मराठ्यांकडे होता! विजयाच्या अठराव्या दिवशी कोल्हापूरच्या बाजूला एवढी मजल मारणाऱ्या सैन्याचा शिधा-पगार आधीच बांधलेला असला पाहिजे.

गड म्हणजे या अर्थकारणाची कुलूपबंद कोठारे. हवालदार, सबनीस, कारखानीस, सरनोबत असे कारभारी एकमेकांवर नजर ठेवायचे. धान्य-सामानाचा हिशेब कारखानिसाकडे असायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, बाण-हुक्के ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावेत, गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत म्हणजे प्रसंगी लाकूड मिळेल, असे बारकावे आहेत. केर जाळून त्याची राख परसात टाकावी आणि भाजीपाला करावा, इथपर्यंत!

कोठार गेले की गड जातो, याचा दाखला जावळीच्याच वासोट्यावर मिळाला. पेशवाईच्या अखेरच्या काळात गड धरून बसलेल्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या वेढ्याला तिथे आठ महिने दाद दिली नाही. शेवटी धान्याच्या कोठाराला आग लागली आणि तिला गड सोडावा लागला.

एकहाती सत्तेचे युद्ध कोणाच्या ताटातून चालते, हा प्रश्न विसाव्या शतकातही तसाच होता. हिटलरच्या जर्मनीने 1934 ते 1938 दरम्यान शस्त्रास्त्रांचा खर्च ‘मेफो’ नावाच्या हुंड्यांवर ढकलला. एका नामधारी कंपनीच्या नावावर सुमारे बारा अब्ज मार्कांचे कर्ज उभे राहिले आणि ते अंदाजपत्रकात दिसू दिले नाही. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर तिथल्या जर्मन फौजेच्या खर्चापोटी रोज दोन कोटी मार्क त्या देशावरच लादले गेले. महाराजांच्या मुलूखगिरीतही बाहेरच्या मुलखाला पैसा द्यावा लागला. ही गोष्ट लपवून त्यांचा मोठेपणा वाढत नाही. फरक घरच्या हिशेबात आहे. जर्मनीत तो जनतेपासून दडवला गेला. इथे छावणीतल्या जुमलेदाराने कुणब्याची भाजी उचलली तरी तो गुन्हा मानला गेला.

ही घडी टिकली नाही. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि महाराष्ट्राचा कारभार हुकुमतपन्हा म्हणून रामचंद्रपंतांकडे आला. खजिना रिता होता आणि औरंगजेबाची फौज सह्याद्रीत. सरदारांना द्यायला रोकड नव्हती, म्हणून न जिंकलेले मुलूख देण्याची वचने निघाली. 1691 मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या करारात लाखो होनांच्या इनामाचे टप्पे रायगड, विजापूर करत थेट दिल्लीपर्यंत लावले होते. लढाई त्यामुळे जिवंत राहिली, आणि एप्रिल 1700 मध्ये सातारचा किल्ला मोगलांनी घेतला तरी मराठे हरले नाहीत. पण जावळीत मोडलेली वतनाची रीत सरंजामाच्या रूपाने परत आली, आणि छत्रपतींच्या गादीला ती पुन्हा कधीच मोडता आली नाही.