गुडघ्याची वाटी आणि कायद्याचे परिशिष्ट

मानवी देहात जिथे जिथे कातडी हाडावरून, किंवा स्नायूची कंडरा हाडाच्या कडेवरून, पुनःपुन्हा सरकते, तिथे तिथे निसर्गाने पातळ पापुद्र्याची एक बंद पिशवी ठेवलेली असते. वैद्यकात तिला बर्सा म्हणतात. निरोगी अवस्थेत तिच्यातला द्रव इतका अल्प असतो की ती उघडून पाहिली तरी बोटाला केवळ ओलावा लागावा. दोन पापुद्रे एकमेकांवरून विनासायास घसरावेत, एवढेच त्या द्रवाचे प्रयोजन. खांदा, कोपर, कटी, गुडघा, टाच मिळून अशा पिशव्या शरीरात दीडशेच्या आसपास असतात, आणि ज्याच्या अंगावर श्रमाचा विशेष भार पडत नाही त्याला त्यांचे अस्तित्व जन्मभर जाणवत नाही. म्हणूनच या पिशवीचा इतिहास लिहू जाता तो शरीरशास्त्राच्या ग्रंथांत थोडा आणि कष्टकऱ्यांच्या आयुष्यात फार सापडतो.

शास्त्राची बाजू थोडक्यात सांगता येते. इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोग्याला जे प्रश्न परंपरेने विचारले जात त्यांत आणखी एकाची, ‘तुझा धंदा कोणता?’ याची, भर घालावी असा आग्रह धरला. पुढे १७८८ मध्ये एडिंबरोचे अध्यापक अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी या पिशव्यांनाच वाहिलेला सचित्र ग्रंथ काढला. मन्रोंनी पिशव्यांची जागा सांगितली आणि रामाझ्झिनींनी प्रश्न सांगितला. या दोहोंची गाठ पडली ती मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात, जिथे लक्षावधी माणसे गुडघ्यावर राहून पोट भरीत होती.

त्यांत सर्वांत मोठा वर्ग घरकामाला ठेवलेल्या मुलींचा. १८९१ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समध्ये घरात चाकरी करणाऱ्या स्त्रिया तेरा लाखांहून अधिक भरल्या. त्यांचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होई: शेगडीतली राख काढायची, लोखंडी जाळी काळ्या पुडीने घासून चकचकीत करायची, मग सोड्याचे पाणी आणि राठ ब्रश घेऊन फरशी आणि जिने घासत खाली उतरत यायचे, आणि शेवटी रस्त्यावर येऊन उंबऱ्याच्या पायऱ्या मऊ दगडाने पांढऱ्या करायच्या. ही सारी कामे गुडघ्यावर बसून, अंगाचा भार पुढे झोकून करायची असल्याने गुडघ्याची वाटी दगडावर टेकलेली राही आणि हाताच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तिच्यावरची कातडी ताणली जाई. वाटीपुढची ती पिशवी प्रथम जाड होई, मग तिच्यात द्रव साचे, आणि पाहता पाहता गुडघ्यावर संत्र्याएवढी मऊ गाठ उभी राही. विश्रांती मिळाली तर ती ओसरे. पण चाकरीत विश्रांती म्हणजे चाकरी सुटणे. हॅना कलविक नावाच्या मोलकरणीने, पुढे तिचे पती झालेल्या आर्थर मन्बी यांच्या सांगण्यावरून, वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली, ती आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. आज कोणत्या पायऱ्या घासल्या, कोणत्या जाळ्या काळ्या केल्या, यांची तीत केलेली तपशीलवार नोंद वाचली म्हणजे कोणत्याही शस्त्रवैद्याच्या वर्णनापेक्षा या आजाराचे कारण अधिक स्पष्ट होते.

शस्त्रवैद्य या आजाराला मोलकरणीचा गुडघा म्हणत, आणि सामान्य जनही म्हणत. १८८९ साली जेरोम के. जेरोम यांच्या विनोदी कादंबरीत नायक वैद्यकाचा कोश चाळतो आणि हा एक सोडून सारे रोग आपल्याला झाले आहेत असे त्याला वाटते. वाचक मनमुराद हसले. त्या हसण्यामागे एक सरळ सामाजिक सत्य होते: पुस्तक विकत घेणाऱ्याला हा आजार होऊ शकत नव्हता.

दुसरा गुडघा जमिनीखालचा. दरॅम, नॉर्थंबरलंड यांसारख्या प्रांतांत कोळशाचे थर कित्येक ठिकाणी दोन-अडीच फुटांहून जाड नसत, आणि त्या फटीत कोळसा तोडणारा मजूर उभा तर राहूच शकत नसे. गुडघ्यावर रेलून किंवा कुशीवर पडून, कोपर टेकवून तो थराच्या तळाशी कुदळीने खाच पाडी. जमीन ओली, कपड्यात शिरलेली कोळशाची कच धारदार, घामाने भिजलेली कातडी नरम. म्हणून इथे निव्वळ द्रव साचून भागत नसे, तर सूक्ष्म जखमांतून जंतू शिरून सारा गुडघा लाल होई, ठणके आणि पू धरी. कोपराची आणि तळहाताचीही तीच गत होई.

ब्रिटिश पार्लमेंटने १९०६ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा नवा कायदा केला, तेव्हा अपघाताबरोबर सहा रोगही भरपाईस पात्र ठरले. त्या यादीत भर घालावी की काय याची चौकशी हर्बर्ट सॅम्युएल यांच्या समितीकडे सोपवण्यात आली. रोगाने मजूर एका आठवड्याहून अधिक काळ कामास अपात्र व्हावा आणि तो त्या धंद्याशी इतका निगडित असावा की त्याचे कारण प्रत्येक प्रकरणात सिद्ध करता यावे, अशा समितीच्या कसोट्या होत्या. १९०७ मध्ये खाणमजुराचा गुडघा, कोपर आणि हात परिशिष्टात दाखल झाले. त्यांच्यासमोरच्या रकान्यात धंदा म्हणून खाणकामाचीच नोंद होती.

याच कायद्याने घरगुती नोकरांनाही अपघाताची भरपाई देऊ केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तफावत अधिकच खुपते. पिशवी तीच, दाबही तोच, आणि आजार कोणाचा हे उभ्या देशाला ठाऊक. तरी परिशिष्टात मोलकरणीला जागा मिळाली नाही. माझ्या मते याचे कारण वैद्यकात शोधू नये. खाणमजुरांचा महासंघ १८८९ पासून उभा होता. त्यांचा दाखला देणारा डॉक्टर होता, जाबजबाब देणारे पुढारी होते, एका विवरातून शेकडो माणसे वरखाली करीत होती. मोलकरीण एकेका घरात एकटी होती, आणि तिची तक्रार ऐकणारा व तिला काढून टाकणारा माणूस एकच होता.

हिंदुस्थानात १९२३ साली इंग्रजी नमुन्यावर असाच कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या मोजक्या आजारांत गुडघ्याचा समावेश झाला नाही. सतत ओझे वाहणाऱ्याच्या मानेच्या मणक्यावर, जिथे जन्मतः काहीच नसते तिथे, शरीर नवी पिशवी निर्माण करते, हेही शस्त्रवैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ओझ्याखालची ती मान आपल्याकडे हमालांची. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, आणि इथेही कायद्याच्या आधी संघटना आली होती.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर विम्याची नवी योजना १९४८ पासून अमलात आली, तेव्हा गुडघ्यासमोरची खाणकामाची अट गळली आणि गुडघ्यावर तीव्र वा दीर्घकाळ दाब किंवा घर्षण आणणारे कोणतेही अंगमेहनतीचे काम भरपाईस पात्र ठरले. या शब्दांत फरशी घासणारी मोलकरीण सहज मावली असती. परंतु तोवर घरात राहून चाकरी करणाऱ्या मुलींचा तो विशाल वर्ग कारखान्यांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत पांगला होता, आणि विस्तारलेल्या नियमाचा लाभ मुख्यत्वे गालिचे अंथरणाऱ्या आणि लाद्या बसवणाऱ्या पुरुषांना मिळाला.