पहिल्या सेक्टरची गोष्ट

नागपूरहून बोलतोय, मे महिना आहे, मागे कूलर घरघरतोय, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

आज एकच प्रश्न घेऊ. जुन्या हार्ड डिस्कमधल्या सगळ्या फाइल नव्या डिस्कवर कॉपी केल्या. विंडोजचं फोल्डर आलं, फोटो आले, एकही फाइल सुटली नाही. मग नवी डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर सुरू का होत नाही? काळ्या पडद्यावर एक ओळ येते, की बूट करण्यासारखं काही सापडलं नाही, आणि विषय संपतो. याचं उत्तर साध्या कॉपी-पेस्टमध्ये कधीच येत नाही, कारण ते फाइलमध्ये नसतंच. ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असायचं. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवता त्या एका लांबलचक मेसेजपेक्षाही कमी जागा. पण गेल्या चाळीस वर्षांत या जागेवर जेवढी भानगड झाली, तेवढी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. आणि त्यातला एक धागा थेट आपल्या पुण्याच्या मंगळवार पेठेत जातो.

आधी 'बूट' हा शब्द. हो, पायातलाच. बुटाच्या मागच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच हवेत उचलायचं, म्हणजे अशक्य काम, अशी इंग्रजीत जुनी गंमत आहे. त्यावरून 'बूटस्ट्रॅप' आणि मग नुसतं 'बूट'. कॉम्प्युटर चालू केला की मेमरी कोरी असते. डिस्कवरून प्रोग्रॅम उचलायचा तर तो उचलणारा प्रोग्रॅम आधी मेमरीत हवा. आणि तो कोण आणणार? आधी कोंबडी की आधी अंडं, तसलाच प्रकार.

मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, भारतात बनलेला पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर. व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा, प्रोग्रॅम कागदी टेपवरून आत जायचा. त्या काळी यंत्र सुरू करणं म्हणजे माणसानं उभं राहून करायचं काम. पुढे १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० आला, तेव्हासुद्धा समोरच्या पॅनेलवरचे स्विच एकेक करून वरखाली करत पहिल्या सूचना आत घालाव्या लागत. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या विदर्भातल्या लोडशेडिंगमध्ये तर कुणी ते मशीन विकतच घेतलं नसतं.

१९८१च्या आयबीएम पीसीनं हे काम बोर्डावरच्या एका चिपमध्ये घातलं. तीच बायोस. तिला एकच साधी गोष्ट शिकवलेली: डिस्कचा पहिला सेक्टर उचल, मेमरीत टाक आणि ताबा त्याच्याकडे दे. त्यात काय लिहिलंय, चांगलं की वाईट, हे विचारायचं नाही. १९८३ साली पीसी एक्सटी हार्ड डिस्क घेऊन आला आणि डॉस २.० बरोबर त्या पहिल्या सेक्टरला नाव मिळालं मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. त्यात ४४६ बाइटचा छोटासा प्रोग्रॅम, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनचा नकाशा, आणि शेवटी दोन बाइटची खूण, ५५ आणि एए. बायोसला ही खूण दिसली की तिचं समाधान.

आता विचार करा. चिप डोळे मिटून या सेक्टरवर विश्वास ठेवते. अँटीव्हायरस सोडा, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम जागी व्हायच्या आधी हा सेक्टर चाललेला असतो. मग कुणाच्या तरी डोक्यात येणारच ना?

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. १९८७ मध्ये न्यूझीलंडमधून 'स्टोन्ड' आला आणि तो हार्ड डिस्कच्या एमबीआरपर्यंत पोचला. १९९१ मध्ये त्याचाच भाऊबंद सापडला, मायकेलॅन्जेलो. नाव त्या शिल्पकाराचं, कारण हा व्हायरस ६ मार्चला, म्हणजे त्याच्या वाढदिवसाला जागा व्हायचा. नाव शोधणाऱ्यांनी दिलं, लिहिणाऱ्यानं नाही. बाकी वर्षभर गप्प. ६ मार्चला मशीन चालू केलं की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून मोकळा. फाइल कुठे आहेत याची यादी तिथेच असायची, त्यामुळे डेटा डिस्कवर असूनही हाती लागायचा नाही. १९९२ च्या मार्चमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी लाखो कॉम्प्युटर जाणार म्हणून धुरळा उडवला. प्रत्यक्षात त्या मानानं फार थोडे गेले. पण ज्याचा गेला त्याचा गेलाच.

मला या व्हायरसची आतली रचना फार आवडते. आवडते म्हणजे, कळलं ना, इंजिनिअर म्हणून. मायकेलॅन्जेलो पहिल्या सेक्टरमध्ये स्वतः बसायचा, पण मूळ एमबीआर फेकून द्यायचा नाही. फेकला तर मशीन सुरूच होणार नाही आणि लगेच पकडला जाईल. म्हणून तो मूळ सेक्टर उचलून सातव्या सेक्टरमध्ये लपवायचा. स्वतः चालून झालं की सातव्याला बोलवायचा, आणि वापरणाऱ्याला वाटायचं सगळं ठीक आहे. म्हणजे इलाजही तिथेच होता. स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करा, सातवा सेक्टर उचला, पहिल्याच्या जागी परत ठेवा. काम झालं.

गंमत पुढे आहे. स्टोन्डही मूळ सेक्टर सातव्यातच लपवायचा. एकाच मशीनला दोघं लागले की दुसरा येऊन पहिल्या व्हायरसलाच 'मूळ' समजून सातव्यात ठेवायचा. खरा एमबीआर गेला. मशीन सुरू व्हायचंच नाही, आणि ६ मार्चची वाटही बघावी लागायची नाही.

आता पुणे. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले आणि १९९०च्या सुमारास मंगळवार पेठेत स्वतःचं छोटं दुकान टाकलं. मग कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले, आणि येणाऱ्या मशीनमध्ये वायर-बोर्ड ठीक, पण व्हायरस. धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी मायकेलॅन्जेलो काढणारं छोटं टूल लिहिलं. मग आणखी एक, मग आणखी एक. १९९५ मध्ये ती सगळी मिळून डॉसवरचं क्विक हील झालं. तेव्हा कंपनीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आपण 'स्टार्टअप' म्हटलं की बंगळुरू आणि प्रेझेंटेशन डोळ्यांसमोर आणतो. हे प्रकरण दुरुस्तीच्या टेबलावरून, ग्राहक समोर उभा असताना सुरू झालं. माझ्या मते त्यामुळेच टिकलं.

दुरुस्तीचा दुसरा मार्ग होता आधीच नक्कल करून ठेवण्याचा. १९९५-९६ च्या सुमारास न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये मरी हॅझार्ड यांनी 'घोस्ट' लिहिलं. ते फाइलच्या नादी न लागता अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यायचं, पहिल्या सेक्टरसकट. १९९८ मध्ये सिमँटेकनं ते विकत घेतलं आणि आपल्याकडच्या कॉलेज लॅब, सायबर कॅफे, ट्रेनिंग सेंटरमध्ये 'घोस्ट मारणे' हे क्रियापद झालं. शुक्रवारी संध्याकाळी एक मशीन नीट सजवायचं आणि बाकीच्या एकोणतीसवर घोस्ट मारायचा. बघा, स्टोन्ड न्यूझीलंडचा आणि घोस्टही न्यूझीलंडचं. तैवानचंही तसंच. १९९९ च्या २६ एप्रिलला डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि बायोसची चिप दोन्ही पुसणारा सीआयएच तिथला, आणि आज फुकट मिळणारं उत्तम क्लोनिंगचं साधन, क्लोनझिला, तेही तिथलंच.

हे सगळं जुनं वाटत असेल तर महालातल्या माझ्या मामांच्या प्रेसची गोष्ट सांगतो. लग्नपत्रिका छापतात. २०११ चं मशीन, विंडोज ७, इंटरनेट नाही. त्यात पंधरा वर्षांच्या पत्रिकांचा मजकूर, कोरलड्रॉच्या फाइल, आणि जुने मराठी फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते सॉफ्टवेअर. त्याची इन्स्टॉल करायची सीडी कधीच हरवलेली. म्हणजे 'नवीन विंडोज टाका' हा सल्ला इथे निरुपयोगी. नव्या विंडोजवर त्या फाइल उघडतात, पण अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. ऐन सीझनला डिस्क टकटक वाजू लागली. एका दुरुस्तीवाल्यानं नवा एसएसडी आणून सगळ्या फाइल कॉपी करून दिल्या. मशीन सुरू होईना. मामांचा फोन आला, "अबे, सगळं तर आलं ना इकडं, मग चालू काऊन नाही होऊन राहिलं?"

मी म्हटलं, "मामा, जुन्या डिस्कला आता कोणी हात लावू नका. मी येतो."

मरायला टेकलेल्या डिस्कवर लोक आधी चेकडिस्क चालवतात. तिच्यात उरलेला जीव त्यातच जातो. आधी नक्कल, मग दुरुस्ती. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे साधन हुशार आहे. वाचता येणारा भाग आधी भराभर उचलतं, अडणारी जागा सोडून पुढे जातं, कुठे अडलं त्याची नोंद ठेवतं आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळतं. ५०० जीबीला रात्र गेली. सकाळी काही मोजके सेक्टर सोडले तर सगळं नव्या डिस्कवर होतं, पहिला सेक्टर धरून.

जुनी डिस्क काढून ठेवली. हे महत्त्वाचं आहे. हुबेहूब नकलेची ओळखसहीसुद्धा तीच असते, आणि दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर विंडोज गोंधळतं. नवी एकटी लावली. विंडोजचा लोगो आला... आणि निळा पडदा. आकडा ७बी. म्हणजे विंडोज सुरू झालं, पण ज्या डिस्कवरून सुरू झालं तीच त्याला सापडेना.

मामांचा चेहरा उतरला, पण मला ही चांगली बातमी वाटली. पहिला सेक्टर चालला, पुढचा लोडर चालला, फक्त ड्रायव्हर अडला. बायोसमध्ये गेलो तर तारीख वर्षानुवर्षं मागे गेलेली. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता. प्रेसचं मशीन वर्षानुवर्षं प्लगला जोडलेलं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. डिस्क काढायला वायर उपटली आणि सेटिंग पुसली गेली. एएचसीआयवर असलेली डिस्कची पद्धत आयडीईवर गेली. पद्धत पुन्हा बदलली, कोपऱ्यावरून तीस-चाळीस रुपयांचा सेल आणला, आणि विंडोज उघडलं. मामांनी पहिली पत्रिका उघडून अक्षरं बघितली. ती नीट होती. मग चहा सांगितला.

तुमच्या लॅपटॉपमध्ये मात्र आता हा पहिला सेक्टर राजा राहिलेला नाही. त्या ६४ बाइटच्या नकाशात २.२ टीबीच्या पुढचं मोजताच येत नव्हतं, आणि सुरक्षेचं रामायण तर सांगितलंच. २००५ पासून यूईएफआय नावाची व्यवस्था ठरत गेली. तिच्यात डिस्कवर एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, साधारण १०० एमबीचं, त्यात बूट करणाऱ्या फाइल, आणि 'कुठून सुरू व्हायचं' याची नोंद मदरबोर्डच्या चिपमध्ये. म्हणजे सुरुवात दोन ठिकाणी वाटली गेली. त्यामुळे नुसतं सी ड्राइव्ह क्लोन केलं की पुन्हा तोच काळा पडदा. ते छोटं पार्टिशनही हवं. आलं नसेल तर तसं पार्टिशन बनवून, विंडोजच्या रिकव्हरी पेन ड्राइव्हमधून बीसीडीबूट नावाची आज्ञा देऊन त्यात बूटच्या फाइल नव्यानं घालता येतात. साटाच्या डिस्कवरून एनव्हीएमईवर गेलात आणि निळा पडदा आला, तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून बघा. विंडोज तिथे लागणारा ड्रायव्हर जागा करतं आणि पुढच्या वेळी बऱ्याचदा सरळ उघडतं. आणि बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवली असेल तर उपयोग शून्य.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन सुरूच होईनात. हैदराबाद विमानतळावरून हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरत होते. तेव्हाही बऱ्याच ठिकाणी इलाज म्हणजे माणसानं एकेका मशीनसमोर जाऊन सेफ मोडमध्ये एक फाइल पुसणं. आणि तिथे ती ४८ अंकी की शोधण्यात अनेकांची रात्र गेली.

तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्यानं मात्र या भानगडीतून एक युक्ती उचललीय. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन जागा असतात, ए आणि बी. तुम्ही ए वर रील बघत असता तेव्हा अपडेट गुपचूप बी वर लिहिलं जातं. रीस्टार्टला फोन बी वरून उठायचा प्रयत्न करतो. नाहीच उठला तर काही प्रयत्नांनी परत ए वर येतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पुढच्या भागात याच फोनमधल्या बूटलोडरचं कुलूप, आणि ते कोण उघडतं आणि का. मामांची जुनी डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, तिचे ते मोजके सेक्टर कुठल्या पत्रिकांचे होते ते शोधतोय. तोवर भेटूच.