वस्तादाची पारख

आमच्या वारणाकाठच्या गावांत मारुतीचं देऊळ असलं की शेजारी तालीम ठरलेली. देवळाला पुजारी लगेच मिळायचा, तालमीला वस्ताद मिळणं मात्र अवघड. वस्ताद बाहेरगावचा असेल तर गाव त्याला राहायला खोली देई, जेवण वाराने घरोघरी, आणि सुगीला दर घरातून पायली-दोन पायली जोंधळा. एवढं द्यायचं म्हटल्यावर लोक पारखूनच घेणार.

माझे चुलते सांगायचे, वस्ताद ठरवायच्या आधी चार जाणती माणसं तो आधी जिथं शिकवत होता त्या गावाला जायची, तेही न सांगता. त्याची कुस्ती बघायला नव्हे, त्याची पोरं बघायला. किती पोरांचे हात गळ्यात बांधलेत, नवख्याला जुन्या पठ्ठ्यापुढं टाकून मजा बघतो का, हे बघायचं. मग तिथल्या आयाबायांना विचारायचं, "पोरगं तालमीत जाया लागल्यापासनं घरात कसं वागतंय?" पोरगं आईच्या अंगावर धावून जातंय असं कळलं की मंडळी चहासुद्धा न घेता माघारी. अंगात रग भरणारा वस्ताद दहा गावांत मिळतो. रग आवरायला शिकवणारा नशिबानंच मिळायचा.

असा मिळाला की पहिला महिना डाव नाहीच. हौदातली तांबडी माती उकरायची, त्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद घालून ती मऊ करायची. आम्ही पोरं कुरकुरायचो. पण माती घट्ट असली की पडणाऱ्याचं हाड मोडतं, आणि पडायला आल्याशिवाय पाडायला शिकवायचं नाही हा तालमीचा कायदा. पट्ट्याचंही तसंच. पातं हातात यायच्या आधी फरीगदगा, म्हणजे चामड्याची ढाल आणि चामडं चढवलेली काठी. १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद झालं. तेव्हापासनं काठीला जास्त भाव आला असं जुनी माणसं म्हणत.

वस्ताद म्हटलं की लहुजी साळव्यांचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचा. वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. पुढं लहुजींनी पुण्यात तालीम घातली. ते स्वतः मातंग समाजाचे, पण शिकायला माळी समाजातले जोतीराव फुले आले, ब्राह्मण घरातले वासुदेव बळवंत फडकेही आले. जोतीराव त्यांच्याकडं दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. त्या काळात कोण कुणाच्या हाताखाली शिकतो हे जातीवर ठरायचं. इथं ते हुन्नरावर ठरलं. आणि जोतीरावांनी मुलींच्या, अस्पृश्यांच्या शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पोरगी शाळेला जायची तर तिला वाटेवर कुणी अडवू नये, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आणि तो अजून आहे. आमच्या गावापासून हायस्कूल तीन किलोमीटर, निम्मी वाट उसातनं. दोन वर्षांमागं मोटारसायकलवाली टोळकी मुलींच्या मागं लागायला लागली आणि दोन घरांनी मुलींची शाळा बंद केली. आमची पिढ्यान् पिढ्यांची तालीम, पण तिच्या उंबऱ्याच्या आत कधी बाईमाणूस आलं नव्हतं. मग शाळेच्या समितीत ठरलं, मुलींसाठी क्लास सुरू करायचा. शिकवणारा कुठला आणायचा?

पहिले एक कराटेवाले सर आले. शाळेच्या पटांगणात हातानं कौलं फोडून दाखवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सहा महिन्यांत काळा पट्टा देतो म्हणाले, फी आगाऊ. आता हे दानाच्या पायऱ्यांचं प्रकरण जपानातल्या जिगोरो कानो गुरुजींचं. त्यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची शाळा काढली आणि पायऱ्या लावल्या, कराटेवाल्यांनी त्या पुढं उचलल्या. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दर्जाला शोदान म्हणतात, आणि त्याचा अर्थच मुळी पहिली पायरी. म्हणजे तिथं शिकणं सुरू होतं, ते हे सर सहा महिन्यांत संपवणार!

आमचे आबा, ऐंशी पार केलेले जुने पैलवान, मागं बसले होते. ते म्हणाले, "सर, तुमची पोरी शिकत्यात कुठं? आमी बघाय येतो." सर म्हणाले, पालकांना आत घेत नाही, मुलींचं लक्ष विचलित होतं. आबा उठून गेले. दार लावून पोरी शिकवणाऱ्याचा विषय आमच्यापुरता तिथंच संपला.

मग तालुक्याला एक बाई शिकवतात असं कळलं. आबा, मी आणि दोन मुलींच्या आया न सांगता गेलो. दार उघडं, बाकावर एक आजी भाजी निवडत बसलेली. बाई पडायला शिकवत होत्या. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं हात सोडवायचा, कारण पकड तिथं कच्ची असते. समोरच्या मुलीनं हातानं टपटप केलं की पकड तिथल्या तिथं सोडायची. एक मुलगी म्हणाली, आज मला पकडू नका. बाईंनी कारण विचारलं नाही, तिला मोजदाद करायला बसवलं. हे मला फार आवडलं. चाकू काढला तर काय, असं मी विचारलं. "पळायचं आणि ओरडायचं," बाई म्हणाल्या, "डाव सिनेमात."

आबांनी भाजीवाल्या आजींना जुनाच प्रश्न टाकला, नात घरात कशी वागते? आजी म्हणाल्या, "उलटं बोलते आता. पन बोलते ते खरं असतंय."

बाईंनी फीच्या आधी गाद्या मागितल्या. गाद्या नव्हत्या, तेव्हा आबांनी बंद पडलेल्या तालमीचं कुलूप काढायला लावलं. हौदातली माती दगडासारखी झाली होती, ती उकरायला आठ दिवस गेले. आता मंगळवार-शुक्रवार शाळा सुटल्यावर क्लास असतो आणि बाई साडेसहाच्या एसटीनं परत जातात. शाळा बंद केलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरीला घरच्यांनी तोवर मामाच्या गावाला पाठवलं होतं.