तळटीप : नेटरनरचे प्रोग्राम

येथील नियम माइक पाँडस्मिथ यांच्या ‘सायबरपंक रेड’ (2020) या खेळातले आहेत. नवा नेटरनर, म्हणजे संगणकजाळ्यात घुसणारे पात्र, इंटरफेस या आपल्या खास क्षमतेच्या चौथ्या पातळीवर सुरुवात करतो. त्यामुळे एका पाळीत मीट अ‍ॅक्शन (शरीराने करायची कृती) सोडून दिली, तर त्याला तीन नेट अ‍ॅक्शन (जाळ्यातल्या कृती) मिळतात. डेकवर (नेटरनरच्या संगणकावर) बसवलेला प्रोग्राम आपोआप चालू होत नाही. तो चालू करण्यातच एक नेट अ‍ॅक्शन खर्ची पडते, आणि नवे खेळाडू नेमके इथेच अडतात.

‘आर्मर’ या प्रोग्रामचेच पाहा. तो चालू असेपर्यंत मेंदूला होणारी इजा 4 ने कमी होते. डेकवर त्याच्या दोन प्रती असल्या, तरी एका वेळी एकच चालते. म्हणून 8 ची सूट मागणे चूक. एक प्रत एका नेटरनमध्ये (जाळ्यातल्या एका फेरीत) एकदाच वापरता येते. पहिली गेल्यावर हाताशी असावी, एवढाच दुसरीचा उपयोग, पण तो मोठा आहे.

रेझ (प्रोग्रामची टिकून राहण्याची ताकद) शून्यावर आला, म्हणजे प्रोग्राम कायमचा गेला असे नव्हे. मात्र ‘किलर’सारख्या ब्लॅक आयसने (जाळ्याचे रक्षण करणाऱ्या घातक प्रोग्रामने) तो शून्यावर आणला, तर प्रोग्राम नष्टच होतो. गेममास्टरने हा फरक खेळाडूंना खेळ सुरू होण्याआधीच सांगावा.