दीर्घ पल्ल्याच्या शर्यती, स्त्रियांच्या

सामान्यतः ३,००० मी. व त्याहून अधिक अंतराच्या धावण्याच्या शर्यतींस दीर्घ पल्ल्याच्या शर्यती म्हणतात. हिमप्रदेशांत पायांना लांब व अरुंद पट्ट्या बांधून, हातांतील काठ्यांच्या रेट्याने बर्फावरून केल्या जाणाऱ्या स्की-शर्यती याच वर्गात मोडतात. या शर्यतींत स्त्री-पुरुषांमध्ये दोन प्रकारचे भेद आढळतात. पहिला वेगाचा असून तो मुख्यतः शरीररचनेतून येतो. दुसरा अंतराचा असून तो नियमांनी निर्माण केला आहे. स्त्रियांना लांबचे अंतर झेपत नाही, या समजुतीने त्यांच्या शर्यती दीर्घकाळ आखूड ठेवण्यात आल्या. त्यामुळे त्यांची खरी क्षमता अजमावण्याचे साधनच उरले नाही व साधनाअभावी ती समजूत टिकून राहिली.

या समजुतीला १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बळ मिळाले. तेथे स्त्रियांसाठी ८०० मी. ची शर्यत प्रथमच घेण्यात आली आणि जर्मनीच्या लीना राट्के हिने ती जागतिक विक्रमासह जिंकली. अंतिम शर्यतीत धावलेल्या नऊही स्त्रियांनी ती पूर्ण केली. तथापि अनेक स्पर्धक मूर्च्छित पडल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांत आली. परिणामी ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली व १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत २०० मी. हेच स्त्रियांच्या धावण्याचे कमाल अंतर राहिले.

स्की-शर्यतींचा इतिहास याहून वेगळा नाही. स्वीडनमधील व्हासालोपेट ही ९० किमी. ची शर्यत १९२२ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी मार्गिट नॉर्डिन या महिलेने ती सु. दहा तासांत पूर्ण केली. परंतु १९२४ मध्ये स्त्रियांना या शर्यतीत भाग घेण्यास मनाई करण्यात आली व ती १९८१ मध्ये उठली. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुष १९२४ पासून ५० किमी. धावत होते, स्त्रियांची पहिली शर्यत १९५२ मध्ये ऑस्लो येथे झाली व ती १० किमी. ची होती. आंतरराष्ट्रीय स्की-महासंघाने स्त्री-पुरुषांची अंतरे समान करण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेतला. त्यानंतर २०२५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नॉर्वेतील ट्रॉनहेम येथे स्त्रियांची ५० किमी. शर्यत प्रथमच झाली. मोकळ्या माळावरील क्रॉसकंट्री धावण्याच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांना १२ व स्त्रियांना ८ किमी. धावावे लागे, २०१७ पासून दोघांनाही १० किमी. चे अंतर ठरविण्यात आले.

मॅराथॉनच्या क्षेत्रात हा बदल धावपटू स्त्रियांनी स्वतः घडवून आणला. बॉस्टन येथील शर्यतीत रॉबर्टा गिब १९६६ मध्ये नोंदणीविना धावली. १९६७ मध्ये कॅथरिन स्विट्झर हिने नावाची केवळ आद्याक्षरे देऊन क्रमांक मिळविला. एका अधिकाऱ्याने तिला वाटेत बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला, तरी तिने शर्यत पूर्ण केली. तेथे स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅराथॉन १८९६ पासून, तर स्त्रियांची १९८४ पासून आहे. १०,००० मी. शर्यतीसाठी ही वर्षे अनुक्रमे १९१२ व १९८८, आणि ३,००० मी. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी १९२० व २००८ अशी आहेत.

शरीरक्रियादृष्ट्या वेगातील भेदाची कारणे स्पष्ट आहेत. पौगंडावस्थेपर्यंत मुलामुलींच्या धावण्यात फारसा फरक नसतो. पुढे टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनच्या प्रभावाने पुरुषांचे स्नायू वाढतात, हृदय आकाराने मोठे होते व रक्तातील हीमोग्लोबिन वाढते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सु. १२ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे स्नायूंना होणारा ऑक्सिजनचा पुरवठाही मर्यादित राहतो. स्की-शर्यतीत काठ्यांच्या रेट्यासाठी दंड व खांद्यांचे बळ लागत असल्याने तेथे हा भेद अधिक जाणवतो. मात्र अंतर वाढल्याने धावण्यातील भेद वाढत जातो, असे दिसत नाही. १०० मी. शर्यतीत फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिचा १०·४९ से. हा विक्रम (१९८८) उसेन बोल्टच्या ९·५८ से. च्या विक्रमापेक्षा (२००९) ९·५ टक्क्यांनी अधिक वेळेचा आहे. मॅराथॉनमध्ये २०२३ साली केल्व्हिन किप्टमने २ ता. ० मि. ३५ से. व टिगिस्ट असेफा हिने २ ता. ११ मि. ५३ से. असे जागतिक विक्रम नोंदविले; त्यांतील भेद ९·४ टक्के होता. मॅराथॉनच्या उत्तरार्धात पुरुषांचा वेग स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात मंदावतो, असेही पाहण्यांत आढळले आहे. यावरून स्त्रियांसाठी अंतर कमी करण्यास शरीरशास्त्राचा आधार नाही, असे म्हणता येते.

महाराष्ट्रात बर्फावरील शर्यतींना वाव नाही. पण धावण्याच्या शर्यतींत येथील स्त्रियांनी नवी अंतरे खुली होताच आपले सामर्थ्य दाखविले. नाशिकच्या कविता राऊत हिने २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत १०,००० मी. शर्यतीत रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅराथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली. पुढे ती स्टीपलचेसकडे वळली व २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली.

मराठवाड्यातील परभणी येथील ज्योती गवते हिने २०१७ च्या मुंबई मॅराथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत प्रथम क्रमांक मिळविला. तिची वेळ २ ता. ५० मि. ५३ से. होती. २०१९ मध्ये दुसरी येताना तिने २ ता. ४५ मि. ४८ से. अशी, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक सुधारणा केली. २०१७ मध्ये भारतीय पुरुषांत पहिला आलेल्या खेताराम याची वेळ २ ता. १९ मि. ५१ से. होती, म्हणजे दोहोंतील भेद सु. २२ टक्के होता. २०१९ मध्ये भारतीय विजेते सुधा सिंग व नितेंद्रसिंग रावत यांच्यातील भेद १४ टक्क्यांवर आला. तरीही जागतिक विक्रमांमधील सु. ९ टक्क्यांच्या मानाने तो बराच मोठा होता. हा अधिकचा भेद हीमोग्लोबिनने स्पष्ट होत नाही. लहान वयात मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या, सरावासाठी मिळणारी मोकळीक, आहार, मार्गदर्शन आणि विवाहानंतर खेळ चालू ठेवण्याची शक्यता या सामाजिक घटकांचा त्यात मोठा वाटा आहे.

अंतरातील भेद भारतात क्रीडास्पर्धांबाहेरही आढळतो. परभणीसारख्या जिल्ह्यांत पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या अनेक मुलामुलींच्या डोळ्यांपुढे शासकीय भरती असते. महाराष्ट्र पोलीस शिपायांच्या २०२४ च्या भरतीत पुरुषांना १,६०० मी., तर स्त्रियांना ८०० मी. धावणे आवश्यक होते. २०२३ च्या वनरक्षक भरतीत ही अंतरे अनुक्रमे ५ व ३ किमी. होती. अशा नियमांमागे स्त्रियांना संधी मिळावी हा हेतू असतो व तो योग्यच आहे. परंतु समान अंतरासाठी अधिक वेळ देऊनही तो साधता येतो. चाचणी जेवढी असते तेवढाच सराव केला जातो; निम्म्या अंतराचा सराव करणाऱ्या मुलीला आपण त्यापुढे किती धावू शकतो, हे कळण्याचे कारणच पडत नाही. मॅराथॉनमध्ये ४२·१९५ किमी. हे अंतर सर्वांना सारखेच असते. म्हणूनच परभणीच्या धावपटूची जागतिक विक्रमाशी तुलना करता येते आणि भेदाचा कोणता भाग निसर्गाचा व कोणता समाजाचा, हे ठरविण्यास आधार मिळतो.